पट्टा उतरवून ऐकणारी मावशी

आमच्या गल्लीतली मेकॅनिक मावशी डाव्या कानाने बहिरी आहे. तो कान तिने नवऱ्यासाठी राखून ठेवलाय, ही अफवा माझीच.

काल टॅक्सीवाला रडकुंडीला येऊन म्हणाला, "मावशी, गाडी सारखी कुंईकुंई करते. दुसरा मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेलं. विकून टाकू?"

"आधी गप्प बस, ऐकू दे."

तिने इंजिनाच्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं. आवाज तसाच. मग पट्टाच उतरवून तिने इंजिन क्षणभर चालवलं, तर आवाज गायब! इंजिन बंद करून तिने पट्ट्याची चाकं एकेक करून हाताने फिरवली. एक खरखरलं.

"याचं बेअरिंग गेलंय. बिचाऱ्या इंजिनाला कशाला बदनाम करतोस?"

टॅक्सीवाल्याने तिथूनच बायकोला फोन लावला, "अगं, गाडी विकत घ्यायला आलेल्या त्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठव!"