धनगराच्या बटव्यातला पिवळा दगड

पारनेर तालुक्यातले ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक गोठा आणि त्याला लागून असलेली कडब्याची गंज जळाली होती. पण तो दुष्काळाचा काळ होता. कडबा गेला की दावणीची जनावरेही गेलीच, असे समजायचे.

मी तेव्हा नवा फौजदार होतो. सकाळी आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास फिर्यादी ठाण्यात आला. चाळिशीचा, बोलण्यात पक्का शेतकरी. त्याने थेट नाव सांगितले. त्याच्या विहिरीजवळ आठ दिवसांपासून एका धनगराचा तळ होता. पाण्यावरून दोघांची बाचाबाची झाली होती. "त्यानंच लावली, सायेब. दगडावर दगड घासून इस्तू काढतो त्यो. समद्या गावानं बघितलंय."

ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला. संध्याकाळच्या आत आम्ही धनगराला तळावरून उचलले. अंगझडतीत कमरेच्या बटव्यातून तंबाखू, पोलादाचा तुकडा, सावरीचा कापूस आणि सुपारीएवढा एक दगड निघाला. दगड पिवळाधमक होता. बाजू कोणी तासल्यासारख्या सरळ, आणि उजेडात धरला की लकाकायचा.

पंचनाम्याचे लिहिणे थांबले. जमादार हळूच म्हणाला, "साहेब, हे तर सोनं दिसतंय."

तिथून माझा तपास भरकटला, हे मला तेव्हा कळले नाही.

"हा दगड कुठून आणलास?"

"हिरीच्या मुरमातनं. बाहीर टाकल्याला हुता."

"आणखी किती आहेत? कुठे पुरलेत?"

"येकच हाय, सायेब. ठिणगी बरी पडती, म्हून ठिवला. चिलमीला लागतो."

त्याने पोलाद दगडावर ओढून दाखवले. लालसर ठिणग्या पडल्या आणि काडेपेटीसारखा वास आला. मला वाटले, हा मला बनवतोय. मी त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी न्यायालयातून तीन दिवसांची कोठडी मिळवली.

दगड पंचांसमक्ष एका म्हाताऱ्या सोनाराकडे नेला. त्याने तो कसोटीच्या दगडावर ओढला. सोन्याची ओढ पिवळी उमटते, ही काळपट उमटली. मग बारीकसा कण ऐरणीवर ठेवून ठोकला. सोने पसरले असते, याचा भुगा झाला. भुगा निखाऱ्यावर टाकताच गंधकाचा वास सुटला.

"हे माक्षिक, साहेब, लोखंड-गंधकाचा दगड," तो म्हणाला. "वैद्य लोक याचं भस्म करतात. माझा चुलता यातनं सोनं काढायच्या नादी लागला होता. कुणा गोसाव्यानं किमया शिकवली म्हणे. बारा वर्षं भट्टी फुंकली. सोनं काही निघालं नाही, डोळे मात्र गेले."

मी ठाण्यात परतलो तेव्हा धनगराची बायको पायरीवर बसली होती. कडेवर लहान मूल होते.

"मेंढरांना पानी न्हाई, सायेब. हिरीवर येऊ देत न्हाईत. काल त्यो मालक तळावर आल्ता. म्हनला, सोन्याचे दगड कुठं ठिवलेत ते दाव, मी फिर्याद मागं घेतो."

ज्याचा गोठा जळाला, तो माणूस दगड शोधत फिरत होता. मी खुर्चीवर बसून माझीच केस डायरी वाचली. तीन पाने भरली होती, आणि जवळजवळ सगळे प्रश्न दगडाचे. शेवटच्या पानावर जमादाराच्या अक्षरात एक ओळ होती: 'आरोपी सांगतो की, घटनेच्या वेळी तो शेजारच्या गावी बाजारात मेंढा विकत होता.' ती ओळ कोणी पडताळली नव्हती. मला तर ती ऐकल्याचेही आठवत नव्हते.

मेंढा घेणारा खाटीक तासाभरात सापडला. सौदा आगीच्या दिवशी सकाळीच झाला, असे तो म्हणाला आणि त्याने मेंढ्याच्या कानावरची खूणसुद्धा सांगितली. मग मी जमादाराला घेऊन फिर्यादीच्या वस्तीवर गेलो. गोठ्याची मागची भिंत सर्वांत जास्त जळाली होती आणि तिच्या पायथ्याशी चुलीच्या राखेचा ढीग होता. पहिल्या पंचनाम्यात तो ढीग नव्हता, कारण आम्ही मागे गेलोच नव्हतो.

"बाई, ही राख कोण टाकतं?"

फिर्यादीची बायको नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्याच. त्या दिशी बी टाकली. इझली आसंल आसं वाटलं. वारं लई हुतं."

"गप बस!" नवरा ओरडला.

"किती गप बसू? त्याची बाय लेकरू घिऊन उन्हात बसलीया."

फिर्यादी तिथेच खाली बसला. हळूहळू सगळे बाहेर आले. आगीच्या आदल्या दिवशी धनगर बांधावर चिलीम पेटवत असताना त्याने तो दगड पाहिला होता. विहीर माझी, तेव्हा सोनेही माझे, असे त्याने धरले. चोरीची फिर्याद दिली तर सोने सरकारजमा होईल, ही भीती होती. तेवढ्यात गोठा पेटला, आणि धनगर आत गेला की त्याच्या बायकोकडून दगड काढून घेता येतील, असे त्याला सुचले.

खोट्या फिर्यादीबद्दल फिर्यादीवरच खटला भरला. धनगराला सोडायचा अहवाल मी त्याच दिवशी स्वतः न्यायालयात नेला. तोवर त्याची नऊ मेंढरे पाण्यावाचून मेली होती.

दगड परत देताना मी विचारले, "बाजारात होतो, हे मला ओरडून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की, सायेब. दोनदा सांगितलं. तवा तुमी दगडाकडं बघत हुता."

मारल्याबद्दल मी त्याची माफी मागायला हवी होती. अंगावर गणवेश होता, मागितली नाही. त्याने दगड बटव्यात टाकला, मूल बायकोकडून आपल्या खांद्यावर घेतले आणि दोघे तळाच्या वाटेला लागले.

पुढच्या सगळ्या नोकरीत संशयिताला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: त्या वेळी तू कुठे होतास? उत्तर पडताळायला पाठवलेला माणूस परत येईपर्यंत मी दुसरा प्रश्न विचारत नसे. हाताखालचे तरुण अधिकारी हसायचे, म्हणायचे, साहेब फार संथ आहेत. ते हसणे मी ऐकून घेत असे.