ताणाची झाडं आणि साहेबांचा दौरा

"पाणी सोडा," आमच्या लॅबचे साहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

मी संत्र्याखाली खुरपं घेऊन बसले होते. बाग जळगाव जामोदजवळची, नामदेवराव नावाच्या बागायतदारांची. अर्ध्या झाडांना नेहमीसारखं पाणी चालू होतं, अर्ध्यांचं मुद्दाम तोडलेलं. याला ताण देणं म्हणतात. तहानलेलं झाड पानं गाळतं आणि नंतर पाणी मिळालं की फुलतं. बागवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सरकारी लॅबोरेटरीतर्फे मला बघायचं होतं, की तेव्हा मुळांमध्ये काय घडतं. तहानलेलं मूळ काही जुनी प्रोटीन्स मोडतं, काही नवी बनवतं आणि प्रोलीन साठवतं. प्रोलीन म्हणजे प्रोटीनचाच एक बारीक घटक. त्यामुळे पेशीत पाणी टिकतं. मुळं वाटून रसात ठराविक रसायन घालून तापवलं की लाल रंग येतो. प्रोलीन जास्त, तर रंग गडद.

"सर, प्रयोगच झाडं तहानलेली ठेवण्याचा आहे."

"ते तुम्हाला-मला कळतं. पुण्याहून डायरेक्टर येताहेत. सरकारी प्रयोगात वाळकी झाडं? फोटो निघणार आहेत!"

"मग बोर्ड लावू. 'ही झाडं मुद्दाम वाळवली आहेत.'"

"ते तर आणखी वाईट."

नामदेवराव हात जोडून म्हणाले, "साहेब, ताण पुरा होऊ द्या न. मंधातच पानी देल्लं अन् बहार गेला, तं मी वर्षभर काय करू?"

साहेबांनी ऐकलं नाही. कोट काढला, विहिरीवर गेले आणि डिझेल इंजिनाचं हँडल स्वतः फिरवू लागले. इंजिन नुसतं खोकलं.

नामदेवराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, खोदा तुम्ही. ते इंजन माह्याशिवाय कोनाचंच आयकत नाही." मग मोठ्यानं, "जोर लावा साहेब! आता होते चालू!"

पाणी पोचायच्या आत मुळं काढायची म्हणून मी खोदत सुटले. प्रोटीन्स उन्हात लगेच बिघडतात, म्हणून मुळं धुऊन बर्फाच्या थर्मासात टाकायची. शेवटच्या झाडाची मुळं आत गेली आणि तिकडे इंजिन धडधडलं. साहेब घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर विजय होता. ताणाच्या झाडांना पाटानं पाणी गेलं.

नशीब, ताण जवळजवळ पुरा झाला होता.

डायरेक्टरांचा दौरा लांबला. पुन्हा लांबला. ते आले तेव्हा ताणाची बाजू फुलांनी पांढरी झाली होती. रोज पाणी पिणारी बाजू नुसतीच हिरवी.

"वा!" डायरेक्टर म्हणाले. "भरपूर पाणी दिलं की झाड कसं फुलतं बघा. आणि ती पलीकडची तहानलेली, बिचारी."

मी तोंड उघडलं.

"होय सर," साहेब म्हणाले.

"मग त्यांना पाणी द्या ताबडतोब!"

"त्याईले?" नामदेवराव दचकले. "अजून पानी? मुळ्या सडतीन न साहेब!"

"अनुभव नाही यांना," डायरेक्टर मला समजुतीनं म्हणाले आणि फुलांजवळ फोटोसाठी उभे राहिले.

लॅबमध्ये ताणाच्या मुळांचा रंग गडद लाल आला, दुसऱ्यांचा जेमतेम गुलाबी. नामदेवरावांचा बहारही टिकला. रिपोर्ट छापून आला. मजकूर माझा, फोटो डायरेक्टरांचा, आणि फोटोखाली 'भरपूर पाणी दिलेली झाडे'. मी दुरुस्ती मागितली. साहेब म्हणाले, "कशी करणार? डायरेक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलंय."

पुढे नोकरीभर मी एक नियम पाळला. दौऱ्याची बातमी आली की आधी सँपल काढायचं, मग हार आणायला माणूस पाठवायचा.