सलमाची तोंडी परीक्षा

फार्मसीच्या काउंटरमागे दहा वर्षं उभं राहिलं की औषधांच्या सॅम्पलांसारखे किस्सेही साठत जातात. फरक एवढाच, की किस्स्यांना एक्स्पायरी डेट नसते!

नव्वदच्या दशकात आखातातल्या अल कुसैसमधल्या एका क्लिनिकच्या फार्मसीचा मी इन्चार्ज. हाताखाली दापोलीची सलमा. बी.फार्म., हुशार, पण लायसन्सच्या तोंडी परीक्षेत दोनदा आपटलेली. दोन्ही वेळा एकाच धड्यावर: आपल्याला न विचारता हृदय, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या चालवणाऱ्या नसा आणि त्यांच्यावरची औषधं. नवऱ्याची नोकरी आधीच गेलेली. ही तिसऱ्यांदा नापास झाली की व्हिसा खलास, लेकीची शाळाही खलास.

मी शिकवायला घेतलं. "सोपं आहे गं. शरीरात एक अ‍ॅक्सिलरेटर, एक ब्रेक. औषध एकतर दाबतं, नाहीतर पाय काढतं."

"सर, मला ड्रायव्हिंगपण येत नाही!"

*

ड्रायव्हिंगवरून आमचे जोशी आठवले. बँकेत मोठे साहेब, पण टेस्टला शेजारी पोलीस बसला की छातीत धडधड, हातांना कंप. पाचदा नापास. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिली, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढणारी गोळी. देण्याआधी सलमानं विचारलं, "दमा नाही ना? दम्याच्या माणसाची श्वासनळी आवळते हिनं." मी मनात शाबास म्हटलं.

धडधड थांबली. जोशी इतके शांत झाले की हायवेवर ताशी तीसनं निघाले. पोलीस म्हणाला, "हबीबी, गाडी चलाओ, सोफा नहीं!"

सहाव्यांदा नापास!

*

एकदा मी मित्रांबरोबर रास अल खैमाला बोटीतून मासे धरायला गेलो. बोट लागू नये म्हणून कानामागे औषधाची पट्टी चिकटवलेली. दुसऱ्या दिवशी आरशात बघतो तर उजव्या डोळ्याची बाहुली डाव्याच्या दुप्पट! बायकोनं रडत पुण्याला फोन लावला. आमच्या क्लिनिकचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा फोटो काढून घेऊ."

सलमानं फक्त विचारलं, "सर, पट्टी लावून हात न धुता डोळा चोळलात का?"

चोळला होता! दोन दिवसांत डोळा ताळ्यावर आला. मी मात्र आठवडाभर तिच्याशी नजर चुकवून बोलत होतो.

*

रत्नागिरीहून मुलाकडे आलेले एक आजोबा सर्दीची गोळी मागायला आले. सलमा म्हणाली, "चाचा, लघवीला अडखळतं का?"

"नाक गळतंय माझं. नाकाचं विचार!"

तिनं गोळी दिली नाही. रागारागानं त्यांनी दुसरीकडून घेतली. तिसऱ्या दिवशी खजूर घेऊन हजर. नाक थांबलं होतं, पण त्याबरोबर लघवीही अशी तुंबली की हॉस्पिटलात नळी घालावी लागली.

"बेटी," हात जोडून म्हणाले, "आता नाक गळू दे!"

*

परीक्षेच्या सकाळी धुळीचं वादळ. सलमा आली तीच थरथरत. मुलगी बरोबर होती, ती सारखी म्हणत होती, "ममा, डोन्ट बी नर्व्हस!" माझा जीव तुटला. मी प्रोप्रॅनोलॉलची स्ट्रिप सलमाच्या हातात कोंबली. "एक घे, हात थांबतील. यल्ला, पळ!"

ती स्ट्रिप पर्समध्ये टाकून निघाली.

दुपारी हसतच परतली. मला भरून आलं. मग तिनं सांगितलं.

इजिप्शियन एक्झामिनरनं तिच्या हातांकडे बघून विचारलं होतं, "घाबरलात?"

"नो सर." तिनं पर्समधून दम्याचा पंप काढून टेबलावर ठेवला. "धुळीमुळे सकाळी चार पफ घेतलेत. हात त्यानं थरथरतायत."

"मग थरथर थांबवायला प्रोप्रॅनोलॉल का नाही घेतली?"

तिनं माझी स्ट्रिप पंपाशेजारी ठेवली. "माझ्या सरांनी दिली होती. पण मला पास होऊन घरी परत जायचंय!"

एक्झामिनर पोट धरून हसले. सही केली, शिक्का मारला आणि स्ट्रिप परत देताना विचारलं,

"तुमच्या सरांचं लायसन्स रिन्यूअलला कधी येतंय?"