उलट्या चालीची मोहिनी

बाईचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही भावंडं तिला बाईच म्हणतो. "तुझे भाऊजी गेले रे," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं होते?" ती म्हणाली, "ढोरायच्या कोठ्यात." मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि बस धरली.

देवरीहून केशोरीला पोचलो तेव्हा देवराम भाऊजींना ओसरीवर निजवलेलं होतं. मी पायांशी न बसता डोक्याशी बसलो आणि वाकलो. जमलेल्यांना वाटलं, मेहुणा शेवटचं काही कानात सांगतोय. मी त्यांच्या तोंडाचा वास घेत होतो. लवंगेचा वास आला. मान वर केली तर बाई माझ्याकडेच बघत होती. मी मान हलवली खरी, पण हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते आजही सांगता येणार नाही. लवंग चघळत घरी यायचं, ही भाऊजींची पिण्याच्या दिवसांतली जुनी सवय होती.

ते धानाच्या मिलमध्ये फिटर होते. हात चांगला, पण संध्याकाळ झाली की पाय मोहाच्या दारूच्या भट्टीकडे वळत. एकदा बाई ट्रंक घेऊन आमच्याकडे देवरीला निघून आली. भाऊजी न्यायला आले तेव्हा ती सर्वांसमोर म्हणाली, "आता येतो. पण पुन्हा वास आला, तं मंग मी तुमच्या घरी नाई रायत." आणि वासाचा साक्षीदार म्हणून तिनं मला नेमलं. तिची निवड चुकली नव्हती. माझं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक वाटी वाजवून बघतं आणि मी गिऱ्हाईकाला बघतो. कुणावर पटकन विश्वास ठेवणं मला जमलेलं नाही, आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही. भाऊजी मला दरोगा म्हणत. मी घरात पाऊल टाकलं की समोर येऊन आ करत. "घ्या दरोगाजी, हुंगा." मी हुंगायचो. ते हसायचे, मी हसत नसे.

बरीच वर्षं तशी कोरडी गेली. मग मिलचं काम सुटलं, बैल विकले, कोठा रिकामा झाला आणि भाऊजी त्या कोठ्याला आतून कडी लावून बसायला लागले. एक दिवस माझ्या दुकानात आले आणि तांब्याची नळी मागू लागले. सोबत जाड बुडाचं झाकणाचं भांडं आहे का, तेही विचारलं. आमच्या भागात झाकणाचं भांडं, नळी आणि खाली जाळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याचा अर्थ शाळकरी पोरही सांगेल. मी विचारलं, "कायले पाहिजे?" तर म्हणाले, "एक गंमत हाये." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर समोर पुन्हा दूधच होतं. मी नळी संपली म्हणून सांगितलं. ती त्यांनी दुसरीकडून आणली.

आठवडाभरात बाईचा फोन. कोठ्यातून वाफेचा आवाज येतो, आणि मोहाचाही वास येतो. मी पहिल्या बसनं गेलो. आम्ही दोघांनी दार ठोठावलं. भाऊजींनी दार उघडलं, कपाळावर काजळी, आणि म्हणाले, "आलेच का पंचनाम्याले? या."

आत जमिनीवर लोखंडी पट्ट्यांचा गोल रूळ मांडला होता आणि त्यावर आगगाडीचं इंजिन उभं होतं. आता ते इंजिन कसं होतं ते सांगतो. फवारणी पंपाची पितळी टाकी म्हणजे बॉयलर. मोठी चाकं मिलमधल्या भंगार पुल्यांची, पुढची इवली चाकं शिलाई मशीनच्या बॉबिनची. जनावरांच्या दवाखान्यातून टाकून दिलेली पितळी पिचकारी दट्ट्याचं काम करायची. ड्रायव्हरची केबिन बिस्किटाच्या डब्याची, आणि गाई हटवायला पुढे जी जाळी असते तिच्या जागी बाईची हरवलेली खोबऱ्याची किसणी. शिट्टी अर्थातच कुकरची. तीन आळ्यांमधल्या अडगळीची ती वरात होती, आणि तिच्या कपाळावर लाल रंगात लिहिलं होतं : मोहिनी.

लहानपणी ते छोट्या लाइनच्या गाडीनं बापाबरोबर गोंदियाला जात. धान भरलेल्या बैलगाडीशीही ती गाडी शर्यत हरायची, असं ते सांगत. मोठी लाइन आली, छोटी गेली. "ते गेली तं मनलं आपन एक बनवू," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. त्यांनी खालचा दिवा पेटवला. वाफ धरली, शिट्टी वाजली आणि मोहिनी निघाली, पण उलटी. मागे मागे धावत ती बाईच्या पायावर येऊन आदळली. बाईनं किंकाळी मारून पाय ओढून घेतला. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा चाल तशीच होती; भाऊजींनी फक्त धुराडं उपटून दुसऱ्या टोकाला बसवलं होतं आणि केबिन इकडची तिकडे केली होती. "आता सीधी चालते," म्हणाले.

पण त्या पहिल्या दिवशी मला इंजिनाचं कौतुक नव्हतं. मला दिव्याचा वास येत होता. दिव्यात पहिल्या धारेची मोहाची होती, आणि कोनाड्यात तिची बाटली. आमच्याकडे दारू अस्सल की पाणचट, हे बघायला ती जळत्या चुलीत शिंपडतात; भडका उडाला की अस्सल. भाऊजी म्हणाले, "इतके वर्स भडका पाहून पेलो. यानं पानी बी उकळते, हे तवा ध्यानातच आलं नाई. इथं स्पिरिट भेटत नाई. आता मी पेत नाई, हे पेते." चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली, असं मी तोंडावर बोललो. बाईनं बाटलीकडे एकदा पाहिलं आणि चहा ठेवायला निघून गेली.

तेव्हापासून माझं हुंगणं वाढलं. भाऊजी आ करत राहिले. एकदा वात पुसत बसले होते, म्हणाले, "पयले निळी जळे, आता पिवळी जळते. वातीवर रोज पांढरं साचते." मी विचारलं, "काऊन?" ते हसले. "तुझ्या बाईले इचार." मला वाटलं, विषय टाळतायत. बाटलीतली पिऊन वर पाणी घालून पातळी सारखी करणारे मी कमी पाहिलेत का?

तेरवी झाल्यावर मी लवंगेचं काढलंच. बाई म्हणाली, "दाढ दुखे त्यायची. मीच देल्ली." मी ऐकून घेतलं, पटलं नाही. मेलेल्या नवऱ्याची अब्रू कोणती बायको झाकणार नाही? म्हणून तिची पाठ वळल्यावर मी कोठ्यात गेलो. कोनाड्यातली बाटली अर्धी होती. बूच काढून बोट बुडवलं आणि चाखलं. जीभ पोळली, आणि मागून खारट लागलं. पुन्हा चाखलं. खारटच.

"मीच टाकत होती," बाई दारातून म्हणाली. "बाटली आली का चमचाभर मीठ. पेले असते तं थुकले असते."

"त्यायले माहीत होतं?"

तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "मीठ सरलं का मी सांगत नोती. तेच आठोनीनं आनत. दोघायच्या घरात किती मीठ लागते रे?"

मी बाटलीला बूच लावलं. इतकी वर्षं मी त्या माणसाचं तोंड हुंगत होतो आणि उत्तर खाली दिव्यात मिठानं पिवळं होऊन जळत होतं. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं मी पाहिली आहेत. हा न चाखलेल्या मिठाला जागला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

बाईनं आगपेटी पुढे केली. मी दिवा भरला, टाकीत पाणी घातलं. वाफ धरायला वेळ लागला. मग कुकरची शिट्टी वाजली आणि मोहिनी आपल्या उलट्या चालीनं गोल फिरत बाईच्या पायाशी येऊन टेकली. बाईनं पाय मागे घेतला नाही.