गाम्परांचा बोकड

व्हेंडेल गाम्परना मी कायम 'मास्तर' म्हणायचो आणि ते मला चौदा वर्षं 'हंगेरी' म्हणत होते. लोरिंत्स बोदनार हे माझं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं असं नाही. चिडले की ते अगदी नीट उच्चारायचे. एकोणीसशे छप्पनच्या हिवाळ्यात, उठाव चिरडला गेल्यावर, बुडापेस्टहून पळून हिंटरमोस या परमुलखातल्या गावी आलो, तेव्हा माझ्याजवळ बायको मार्गित आणि मोज्यात गुंडाळलेली काच कापायची हिरकणी, एवढंच होतं. निर्वासिताला कामावर ठेवायला गावात कुणी तयार नव्हतं. मास्तरांनी ती हिरकणी हातात घेतली, उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, उद्या सकाळी सातला ये. त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मास्तर काचेवर कुलचिन्हं रंगवायचे. आमच्याकडे गवळ्याच्या घराण्यालाही कुलचिन्हाची ढाल असते आणि खाटकाच्याही. लग्न असो, बारसं असो, लोक ढालीची काच भेट देतात. मास्तर रंगवणार, मी काच कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवणार. माणूस महाहट्टी. रंग मनासारखा उतरला नाही की सरळ काच फोडायचे, आणि वर तुकडे मलाच गोळा करायला लावायचे. पण बायको गेल्यानंतर दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि मार्गितच्या हातचा लाल तिखटाचा रस्सा नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मूलबाळ नव्हतं. गाम्पर नावाचं गावात ते शेवटचं माणूस.

ढालीवरचं जनावर बघणाऱ्याच्या डावीकडे तोंड करून असतं. उजवीकडे वळलेलं दिसलं तर ते लढाईतून पळालेलं समजतात. हा नियम मी पहिल्याच आठवड्यात शिकलो, कारण पहिल्याच आठवड्यात मी आराखडा काचेखाली पालथा ठेवला आणि क्युंग खाटकाचा बैल पळपुटा करून टाकला. अल्बीन क्युंग हे पुढे कुणाला विसरू देणार नव्हता.

सत्तर साली मी गावाचा नागरिक व्हायला अर्ज केला. गावसभेत हात वर झाले. बाजूने एकतीस, विरुद्ध अठ्ठावीस. नव्या घराण्याने आपल्या ढालीची काच सभागृहाच्या खिडकीत बसवायची, असा इथला रिवाज. पण खिडक्या भरलेल्या होत्या. मोकळं होतं ते एकच घर, शेवटच्या खिडकीतलं अगदी उजवं. त्याच्या डावीकडे गाम्परांची ढाल, पिवळ्यावर काळा बोकड.

"जागा आहे की," क्युंग म्हणाला. "बोकडाच्या ढुंगणामागे."

सभागृह खो खो हसलं. मीही हसलो. घरी येऊन मात्र मार्गितला सांगितलं, मी काच बसवणार नाही. चौदा वर्षं या गावात राबलो आणि शेवटी जागा मिळाली ती ढुंगणामागे. कागदावर झालो तेवढा नागरिक पुरे. ती म्हणाली, तुझी काच नाही लागली तर मास्तरांना काय वाटेल? त्या एका प्रश्नापायी मी काच बसवायला तयार झालो.

एक दिवस मास्तरांनी विचारलं, तुझ्या बापाच्या छपरावर काय होतं? मी म्हटलं, धुराड्यावर करकोच्याचं घरटं. त्यांनी निळ्यावर पांढरा करकोचा काढला, नियमाप्रमाणे डावीकडे तोंड केलेला. म्हणजे थेट बोकडाच्या शेपटीखाली. मग ते म्हणाले, आमच्या बोकडाच्या काचेला तडा गेलाय, ती पण काढून आण, नवी करतो.

रविवारी दोन्ही काचा बसायच्या होत्या. शुक्रवारी मी काच भाजायची भट्टी उघडली आणि काच उजेडात धरली. बोकड उजवीकडे तोंड करून उभा. मास्तर शहात्तरचे, नजर अधू झालेली, हात थरथरणारा. आराखडा पालथा पडला असणार. दुसरी काच भाजून निवायला वेळ नव्हता. तीनशे वर्षांचं घराणं, त्याचा शेवटचा माणूस, आणि गाव त्यालाच पळपुटा म्हणून हसणार, तेही माझ्या काचेपायी. जुनी तडकलेली काचच गुपचूप परत बसवावी असं मनात आलं. पण त्यांच्याशी लबाडी करवेना.

मास्तर न्याहारीला बसले होते.

"मास्तर, रागावू नका," मी म्हटलं. "बोकड उलटा उतरलाय."

त्यांनी पावावर चीज ठेवलं. "उतरला नाही. मी वळवलाय."

"अहो, जनावर वळवतात ते फक्त लग्नाच्या जोडढालीत. नवऱ्याचं जनावर बायकोच्या ढालीकडे तोंड करतं. तुम्हीच शिकवलंत."

"का करतं?"

"तिच्याकडे पाठ होऊ नये म्हणून."

"मग झालं तर. शेजाऱ्याकडे तरी पाठ का करायची?"

"गाव हसेल तुम्हाला."

"हसू दे. माझ्यामागे हे नाव लावणारं कोण आहे लाजायला? तीनशे वर्षं एकीकडेच बघून त्या बोकडाचीही मान अवघडली असेल." मग कप पुढे सरकवून म्हणाले, "लोरिंत्स, कॉफी ओत."

चिडलेले नव्हते आणि नाव घेतलं. कप भरून कॉफी बशीत उतरली तरी मी ओततच होतो.

रविवारी काचा लागल्या. बोकड आणि करकोचा समोरासमोर, नजरेला नजर भिडवून. क्युंग चष्मा लावून पुढे आला. नियम त्याला पाठ होता. त्याने बराच वेळ दोन्ही काचा निरखल्या आणि मास्तरांकडे वळून विचारलं, "हे लग्न कधी लागलं म्हणे?"

"छप्पन साली," मास्तर म्हणाले.

या वेळीही सभागृह हसलं, पण ते हसणं मला बोचलं नाही. क्युंगने माझ्या पाठीवर थाप मारली. खाटकाचा हात तो, पाठ दोन दिवस दुखत होती.

मास्तर चार वर्षांनी गेले. घराण्याचं शेवटचं माणूस गेलं की ढाल त्याच्याबरोबर पुरायची, असाही एक जुना रिवाज आमच्याकडे आहे. त्यासाठी बोकडाची काच खिडकीतून काढायचं ठरत होतं. गावसभेत मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उभा राहिलो आणि म्हणालो, ज्याने माझ्याकडे तोंड केलं त्याला माझ्यासमोरून नेऊ नका. एवढं बोलून खाली बसलो. काच राहू द्यावी का, म्हणून अध्यक्षांनी मत मागितलं. पहिला हात क्युंगने वर केला, मग बाकीचे. विरुद्ध एकही नव्हता.

बोकड अजून तिथेच आहे. त्याचं शिसं मीच बदलतो, सकाळी सातला जाऊन.