भिंत जवळ पडते

मैदानावर कुणी नमस्कार केला, की खैरनार सर त्याच्या हातात मोजायच्या टेपचं टोक कोंबायचे. "धर. हलायचं नाही." आमच्या सिल्वासातले बेसबॉलचे मुख्य पंच म्हणजे हे गृहस्थ. मूळचे जळगावकडचे. मला हा माणूस कधीच आवडला नाही.

"नव्वद फुटांचं एकोणनव्वद झालं, की तो बेसबॉल नाही, लंगडी," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. दोन बेसमधलं, म्हणजे चौकोनाच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर बोटभर कमी भरलं, तरी अख्खा चौकोन पुसून पुन्हा आखायला लावत. भर उन्हात चुन्यानं आमचे डोळे चुरचुरायचे आणि सर झाडाखाली चहा पीत बसायचे. वर म्हणे, शिस्त लागते!

त्या वर्षी जवळच्याच राखोली गावच्या आम्हा मुलींचा संघ निवडीच्या सामन्यापर्यंत पोचला. मी पिचर, चेंडू टाकणारी. एकोणीस वर्षांखालच्या गटातलं माझं शेवटचं वर्ष. जिंकलो तर राष्ट्रीय स्पर्धा, नाहीतर धाग्याच्या कंपनीत मशीन. सामना आमच्याच मैदानावर होता.

अडचण एकच, डावीकडची कंपनीची भिंत. होम प्लेटपासून, म्हणजे फटका मारणारी उभी राहते तिथून, ती अडीचशे फूट लांब हवी. आमची कमी भरायची. मग आम्ही अक्कल लढवली. सकाळी लवकर जाऊन सगळा चौकोनच मागे सरकवून आखला. सर आले, भिंत मोजली, अंतर बरोबर भरलं. मग वळून होम प्लेटच्या मागची, कॅचर बसते ती बाजू मोजायला लागले. तिथं गटार होतं.

"वा गं वा! भिंतीपासून पळालात अन् कॅचरला गटारात बसवलं! मैदान बाद."

"सर, आम्ही चौकोन परत पुढे घेतो," मी म्हटलं. "भिंतीवरून गेलेल्या फटक्याला पूर्ण फेरीची होमरन देऊ नका, दोनच बेस द्या. नियमांच्या पुस्तकात तशी सोय आहे. सामरवरणीला तुम्ही हेच करता की!"

सामरवरणीचं मैदान सरांनी स्वतः उभं केलेलं. तिथली भिंत तर आमच्याहून जवळ.

"ते मैदान जुनं आहे. तू मला नियम शिकवू नको, पोरी." त्यांनी टेप गुंडाळली आणि मैदानाची जबाबदारी यजमानांची म्हणून समोरच्या संघाला विजयी जाहीर करून टाकलं. एक चेंडू पडला नाही. मी तिथंच ढसाढसा रडले. पुढच्याच महिन्यात मशीनवर उभी राहिले.

गेल्या वर्षी सर सगळं सोडून गावी जायला निघाले. निरोप समारंभाला मीही गेले, मुद्दाम. जो तो त्यांच्या शिस्तीचे गोडवे गात होता. शेवटी सर माइक घेऊन म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणाचं मन दुखावलं असेल, तर सांभाळून घ्या."

मी उठले. "मनाचं सोडा, सर. माझं वर्ष गेलं. राखोलीच्या त्या भिंतीपायी."

सगळे चपापले. सरांनी मला ओळखलं. "नियम होता, पोरी."

"अपवादपण त्याच पुस्तकात होता. तो तुम्ही फक्त स्वतःच्या मैदानासाठी ठेवलात."

कुणीतरी घाईघाईनं जेवण वाढायला सांगितलं. सर मान खाली घालून शालीची घडी घालत राहिले. मला त्यांची दया आली नाही. मी न जेवता घरी आले.