धुक्यात गोंदिया ते नागपूर: रेल्वे, एसटी की माझी गाडी?

गोंदियाहून नागपूरला जायचं तर आमच्या घरी एरवी चर्चाच होत नाही. रेल्वे! तिकीट एसटीपेक्षा स्वस्त, दोन-अडीच तासांचा प्रवास, वर खिडकीतून शेतं बघणं फुकट. पण जानेवारीत बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, धुकं बसलं की गाड्यांचा भरवसा उरत नाही, आणि यावेळी उशीर परवडणारा नव्हता. नागपूरला भावाच्या लेकीचं बारसं होतं, तेही दुपारच्या आत, आणि तिच्या कानात नाव सांगणारी आत्या मी एकटीच. आत्या फलाटावर आणि पाळणा नागपुरात, असं कसं चालेल?

"आपल्या गाडीनं जाऊ, मी चालवते," मी म्हटलं.

बाबूजींनी पेपर खाली ठेवला. बाबूजी म्हणजे माझे वडील. उभी हयात एसटीचे ड्रायव्हर, आता निवृत्त, आणि डोळ्यांमुळे स्टिअरिंगही सुटलेलं. मी गाडी घेऊन वर्ष होत आलं, पण ते एकदाही माझ्या शेजारी बसले नव्हते. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीहून बाजारात जायचं तरी पायी निघायचे. मला ते लागायचं, उगाच कशाला खोटं बोलू.

"धुक्यात तू चालवशीन?"

"हो."

"मंग तू आन् तुही माय गाडीनं या. मी एसटीनं जातो."

आई आतून म्हणाली, "काऊन जी, आमी मेलो त चालते काय?"

बाबूजींनी ते ऐकलंच नाही. मला म्हणाले, "एसटीच्या मागं मागं येजो. पुढं नोको जाऊ."

अशी आमची वरात पहाटे स्टँडवरून निघाली. पुढे लाल एसटी, तिच्यात बाबूजी. मागे माझी छोटी गाडी, तिच्यात मी, दोन स्वेटर घातलेली आई आणि बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. गोरेगाव सुटलं आणि धुकं पेजेसारखं दाट झालं. रस्त्याच्या कडेच्या तणशीच्या गंज्यासुद्धा दिसेनात. या रस्त्यानं हिवाळ्यात येणार असाल तर ऐका: हेडलाइट खालीच ठेवा, वर केलात की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. मुरदोलीचं जंगल वळणांचं आहे, आणि रानडुकरं हॉर्न वाजवून येत नाहीत. मी एसटीचे मागचे दोन लाल दिवे धरून ठेवले. दिवे मोठे झाले की पाय ढिला, पुसट झाले की थोडा दाब. आईनं देवाचं नाव घेणं थांबवलं तेव्हा समजलं, आपलं बरं चाललंय.

कोहमाऱ्याला एसटी चहाला थांबली. तुम्हीही थांबा. इथे हायवे लागतो, ढाब्यांवर चहा कडक मिळतो आणि आलूबोंडा कढईतून थेट कागदावर येतो. आम्ही बोटं भाजत खात होतो, तेवढ्यात कंडक्टर जवळ आला.

"या छोट्या गाडीत तुमीच काय? काकाजीले मी डायव्हरजवळची शीट देऊन राहिलो होतो. आयकलंच नाही. सगळ्यात मागं जाऊन बसले आन् सारा रस्ता मागच्या काचेतून पाहून राहिले. म्या म्हटलं, मागं काय हाय? त म्हनते, माही पोरगी हाय."

मी वळून पाहिलं. बाबूजी पाठमोरे उभे राहून चहा पीत होते. ग्लास ठेवला, सावकाश आले, पुढचं दार उघडलं आणि बसले.

आई म्हणाली, "तिकीट त नागपूरचं काढलं होतं ना?"

"असू दे," बाबूजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "अंतर बरं ठेवलं तू."

साकोलीला ऊन पडलं. बांध्यांत लाखोळीची निळी फुलं दिसायला लागली. बाबूजींचा उजवा पाय मात्र भंडाऱ्यापर्यंत नसलेला ब्रेक दाबत होता. वैनगंगेचा पूल ओलांडताना मी हसले, तर त्यांनी पाय मांडी घालून वर घेतला. टोल आणि पेट्रोल धरून तिघांना रेल्वेपेक्षा बरंच महाग पडतं, हे खरं. पण पोहोचलो वेळेत. मी पाळण्यात वाकून 'कुर्र' केलं, नाव सांगितलं आणि पाठीवर वहिनीच्या बहिणींचे असे धपाटे खाल्ले की परतीला गाडी चालवता येते की नाही, अशी शंका आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो, आई बाळंतिणीजवळ राहिली. भाऊ बाबूजींना म्हणाला, रेल्वेत बसवून देतो. ते सरळ माझ्या शेजारी येऊन बसले. लाखनीनंतर मी एक ट्रक मागे टाकला, तेव्हापासून त्यांचा आवाज बंद. मफलर नाकापर्यंत. मला वाटलं, चिडले. मीही रस्त्यावरून नजर हलवली नाही आणि मुकाट घरी आणून सोडलं.

तर मंडळी, रेल्वे स्वस्त, एसटी भरवशाची, आपली गाडी महाग. हिशोब एवढाच आहे, तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र यापुढे गाडीच काढणार. कारण हे लिहीत असताना भावाचा फोन आला. पलीकडच्या खोलीत तो बाबूजींनी घेतला. भावानं नेहमीसारखं विचारलं असणार, रस्ता कसा होता. ज्या माणसाला या रस्त्याचा खड्डा न् खड्डा पाठ, तो म्हणाला,

"काय मालूम बा. मी त झोपलो होतो."